पावती पुस्तक कुणाकडे?

सोलापूरच्या पूर्व भागात तरुण मंडळ काढावं लागत नाही, ते असतंच. दोन बोळ ओलांडले की मंडळ बदलतं, कमानीवरचे फोटो बदलतात, वर्गणी मागणारी पोरं बदलतात. गणपती, नवरात्रातली शक्तिदेवी, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंती असं करत वर्ष सरतं. त्यामुळे ‘युवा विकास’, ‘जीवन कौशल्यं’ असले शब्द घेऊन बाहेरचं कुणी आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: “मग गणपती बसवायचा का न्हाई बे?”

मी अशाच एका मंडळाची. आधी कट्ट्यासमोरून मान खाली घालून जाणारी, मग सदस्य, मग बरीच वर्षं खजिनदार. बाहेरगावी कुणाला हे सांगितलं की विचारतात, मंडळात जाऊन माणूस नेमकं शिकतो काय? त्यांच्या डोळ्यांसमोर व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराची जाहिरात असते, नाहीतर मिरवणुकीतला गुलाल. आमच्याकडे जे घडलं ते या दोन्हीत बसत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

घरचं थोडं सांगायला हवं. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, अम्मा विड्या वळायची. सकाळी विडी कारखान्याच्या ब्रँचला जाऊन विड्या द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन यायचं, मग दिवसभर सूप मांडीवर. घरात मुलगी असली की पानं कापायला आणि विड्यांची तोंडं बंद करायला तिचे हात धरलेलेच असतात. मुलगा संध्याकाळी कट्ट्यावर गेला तर कुणाला काही वाटत नाही, मुलगी तासभर उठली तर दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या होत नाहीत. मुलींना ‘घराबाहेर पडायला आवडत नाही’ असं लिहिलेले अहवाल मी वाचलेत. लिहिणाऱ्यांनी सूप पाहिलेलं नसावं.

तर एका संस्थेच्या ताई आमच्या मंडळात आल्या. मंडळाची खोली म्हणजे पत्र्याचं छत, एक कपाट, गणपतीचा चौरंग आणि मोडका कॅरम. भिंतीला चार्ट लावला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात मांडलेली दहा जीवन कौशल्यं त्यावर होती: स्वतःची जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, प्रभावी संवाद, परस्परसंबंध, ताणतणावाचं समायोजन, भावनांचं समायोजन. शाळेतही हीच यादी कधीतरी फळ्यावर येऊन गेली होती. मग खेळ. डोळे बांधून दुसऱ्याच्या भरवशावर चालायचं, चिठ्ठी उचलून त्यावरचा प्रसंग करून दाखवायचा. पोरं हसून लोळत होती. ताईंनी ताणतणावाचा विषय काढला तेव्हा मागावर काम करणारा एक जण म्हणाला, “ताई, ताण जास्त झाला की तार तुटते आन् कमी झाला की कापड ढिलं येतं. हे आमाला कशाला शिकवालाव?”

मला आजही वाटतं, त्या चार्टमध्ये चुकीचं काही नव्हतं. फक्त त्या खोलीत बसलेल्यांच्या हातात ठरवण्यासारखं काही नव्हतं. निर्णय घ्यायला शिका म्हणता, पण कशाचा? मंडळाचे अध्यक्ष चाळिशीला टेकलेले. मूर्ती कुठून आणायची, डीजे कुठला, बॅनरवर कुणाचा फोटो, सगळं तेच ठरवत. आम्ही खुर्च्या मांडायला.

त्या ताई पोचलेल्या होत्या. पुढच्या वेळी त्यांनी चार्ट आणलाच नाही. बसल्या आणि विचारलं, “तुमचं पावती पुस्तक कुणाकडे असतं?”

कुणी बोललं नाही. अध्यक्षांच्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. जमा किती, खर्च किती, उरलं किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. ताईंनी कुणावर बोट दाखवलं नाही. एवढंच म्हणाल्या की यंदा एका बोळाची वर्गणी पंचविशीच्या आतल्या पोरापोरींनी गोळा करावी, पुस्तक त्यांच्याकडे द्यावं आणि हिशेब त्यांनीच मांडावा. अध्यक्षांनी खूप आढेवेढे घेतले, पण सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. “घ्या, बघू किती दिवे लावताव ते,” असं म्हणून एक पुस्तक काढून दिलं. माझ्या मते मंडळ त्या दिवशी सुरू झालं.

मुलींना आणायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी प्रत्येकीच्या आईशी बोलावं लागलं. मुलीचा विकास वगैरे बोलून उपयोग नव्हता. वेळ कुठली, किती वाजता परत येणार, सोबत कोण, आणि तेवढ्या वेळातल्या विड्यांचं काय, एवढेच प्रश्न. शेवटी आम्ही बैठकीची वेळ विड्या बांधून झाल्यावरची ठेवली आणि बैठक देवळाच्या ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. काही आयांनी सूप घेऊनच ओट्यावर बसायला सुरुवात केली. त्यांच्यासमोर बोलायला मुलगे लाजायचे, हा आगाऊ फायदा. दुसरी अडचण पाण्याची. तेव्हा शहरात पाणी चार-पाच दिवसांआड यायचं आणि कधी येईल ते नळालाच ठाऊक. पाणी आलं की बैठक मोडली. ग्रुपवर नुसतं ‘पाणी’ असा एक शब्द पडला तरी सगळ्यांना कळायचं की आज काही होत नाही.

वर्गणी मागणं ही फार मोठी शाळा आहे. आधी मुलं घोळक्याने जायची, दारात उभं राहून आवाज चढवायची, लोक घाबरून किंवा कंटाळून पैसे द्यायचे. आम्ही दोघादोघांच्या जोड्या केल्या, एक मुलगा आणि एक मुलगी. नियम असा की आधी नमस्कार, मग मागच्या वर्षी काय केलं ते, मग यंदा काय करणार ते, मग रक्कम. पावती लिहिताना स्थळप्रतीवर तोच आकडा, आणि पैसे देणाऱ्याने तो वाचून बघायचा. वाचता येत नसेल तर आपण वाचून दाखवायचा. काही घरांत ऐकायला मिळायचं, “साचा बंद हाय, पुढच्या आठवड्यात या.” साचा म्हणजे माग. पूर्वी अशा घराला ‘चिकट’ म्हणून नाव पडायचं. आता ज्या घरात दोघं मागावर आहेत आणि कारखाना बंद आहे, त्या घरात त्या आठवड्यात जायचंच नाही असं जोडीने आपापसात ठरवलेलं असायचं. चार्टवर समानुभूती लिहिली होती ती हीच असावी. तिचं नाव कुणी घेतलं नाही.

मग हिशेब वाचन. विसर्जनानंतरच्या आठवड्यात ओट्यावर फळा लावला. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मांडव, मूर्ती, वीज, प्रसाद, हार-फुलं, आणि शेवटी ‘किरकोळ ११४०’. लिहिणाऱ्याने सगळं खणखणीत वाचलं आणि किरकोळपाशी येऊन आवाज बारीक केला. समोर एक आजोबा बसले होते, जुन्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते ते. त्यांनी काठी आपटली. “किरकोळ म्हणजे काय रे?” मुलगा म्हणाला, चहापाणी वगैरे. “चहा किती, पाणी किती, वगैरे किती?” लोक हसले. मुलगा घामाघूम. पण तो उठून गेला नाही, हे मला फार आवडलं. कपाटातून चिठ्ठ्या काढल्या आणि सगळ्यांसमोर बसून जुळवायला लागला. रिक्षाभाडं निघालं, सुतळी निघाली, बल्ब निघाले, वडापाव निघाले. शेवटी साठ रुपये जुळेनात. ते त्याने ‘जुळत नाहीत’ असं फळ्यावर लिहिलं. आजोबा म्हणाले, “आता बरोबर.” त्यानंतर आमच्या वहीत किरकोळ हे खातंच नाही.

आमच्या बोळाचा हिशेब फळ्यावर आल्यावर बाकीच्या बोळांनी त्यांचा मागितला. अध्यक्षांची पंचाईत झाली. ते अप्रामाणिक नव्हते, हेही लिहायला हवं. अनेक वर्षं तूट त्यांनीच खिशातून भरली होती, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. हिशेब उघड झाल्यावर त्यांचा मान वाढला आणि त्यांनी उरलेली पुस्तकंही आमच्या हवाली केली.

डीजेवरून मात्र मोठं भांडण झालं. खोलीत अभ्यासिका करायची म्हणून पंखे आणि टेबलं घ्यावीत, असं आमचं म्हणणं. उन्हाळ्यात सोलापूर ४३-४४ अंशांना जातं, पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, वर्षातून एकदा नाचतो, तेही काढून घेणार का? ताईंनी मत द्यायला नकार दिला. मतदान झालं आणि डीजे जिंकला. मला राग आला होता, पण पैसा सगळ्यांचा होता. पुढच्या वर्षी मात्र मुलींनी आधीच डाव टाकला. सोलापुरात लेझीमला वेगळाच मान आहे, मंडळामंडळांत त्याची चुरस असते, महिना-महिना आधी सराव चालतो. मुली म्हणाल्या, आमचा लेझीमचा ताफा असेल, आणि लेझीम असेल तिथे डीजे वाजणार नाही. मुलांना आपलं मंडळ मिरवणुकीत उठून दिसावं असं वाटतच होतं. डीजेचे अर्धे पैसे हलगीवाल्यांना आणि ढोलाला गेले, उरलेल्यातून पंखे आले. दोन्ही बाजू आपण जिंकलो असं सांगत फिरत होत्या.

उचलीचा किस्सा लिहावा की नाही, यावर मी बराच विचार केला. ज्याचा आहे त्याला विचारलं, तो म्हणाला लिही, नाव नको.

मंडळाची सरकारदरबारी नोंदणी व्हायच्या आधीची गोष्ट. एका ओळीची वर्गणी त्याने गोळा केली होती. स्थळप्रतींची बेरीज ४३०० होत होती, त्याने जमा केले १८००. दोनदा ‘उद्या देतो’ झालं. मग त्यानेच बैठकीत सांगितलं की बहिणीचं बाळंतपण अवघड झालं, दवाखान्यात भरले. खोलीत दोन तट पडले. एक म्हणे काढून टाका, आज याने घेतले तर उद्या कुणीही घेईल. दुसरा म्हणे बहिणीसाठी घेतले, सोडून द्या. एका मुलीने त्याला विचारलं, “तू आधी मागितले असतेस तर आम्ही नाही म्हटलं असतं का?” तो म्हणाला, “हो. म्हटलं असतं.”

आणि ते खरं होतं. मंडळाच्या पैशातून असं द्यायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात आलंच नसतं. त्यानंतरची चर्चा वेगळ्या वळणावर गेली. चोर ठरवायचा की नाही, यापेक्षा गरज लागली तर माणसाने कुणाकडे जायचं, हा प्रश्न समोर आला. कारखान्यात मालकाकडून उचल मिळते आणि ती पगारातून कापली जाते. त्याच चालीने वहीत ‘उचल २५००’ असं त्याच्या नावावर लिहिलं. दर पगाराला ठरावीक रक्कम त्याने आणून द्यायची, फिटेपर्यंत पावती पुस्तक त्याच्याकडे नाही आणि हे खोलीबाहेर कुणी बोलायचं नाही.

शेवटची अट आठवडाभरही टिकली नाही. कुणीतरी बोललं, बोळभर झालं, तो यायचा बंद झाला. दोघं जण त्याच्या घरी जाऊन नुसते बसायचे, विषय न काढता. कितीतरी दिवसांनी तो परत आला आणि उचल फेडली. कुणी बोललं ते शोधून काढायचा ठराव आला होता, तो आम्ही फेटाळला. यावर अजूनही दोन मतं आहेत. माझं मत शोधायला हवं होतं असं आहे. तो मुलगा आता भिवंडीत मागावर असतो, गणपतीला येतो आणि वर्गणी देताना पावती उलटसुलट करून तपासतो.

त्यातून भिशी निघाली. नोंदणीसाठी वकिलांकडे गेलो तेव्हा ते जुनी वही चाळताना उचलीवर थांबले आणि म्हणाले, हे एकदा नोंदणी झाल्यावर चालणार नाही, संस्थेचा पैसा सदस्याला असा देता येत नाही. मग ज्यांना हवं त्यांनी आपापसात वेगळी भिशी लावली. तिचा मंडळाशी संबंध नाही आणि तिचा हिशेब मुली बघतात, कारण मुलांवर मुलांचाच विश्वास नाही.

नोंदणीचं सांगते, कारण बरेच जण विचारतात. नुसत्या उत्सवापुरती वर्गणी काढायची असेल तर नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी मिळते, उत्सव झाल्यावर हिशेब द्यायचा. वर्षभर काम करायचं तर संस्था म्हणून उभं राहावं लागतं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात. घटना आणि नियमावली लिहायची, नाव ठरवायचं, जागेचं संमतिपत्र घ्यायचं. मग १९५० च्या त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद. पुढे पॅन, बँकेत खातं, दोघांच्या सह्या. दरवर्षी ३१ मार्चनंतर हिशेब तपासून घ्यायचे. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा, आणि हा शेवटचा मुद्दा विसरल्यामुळे कित्येक मंडळं कागदावर वीस वर्षांपूर्वीच्याच लोकांच्या नावावर अडकून पडलेली असतात.

घटना कुणाची तरी उतरवून काढता आली असती. वकिलांनी छापील नमुना दिलाही होता. पण आम्ही ती ओट्यावर बसून कलमाकलमाने वाचली. कुणी तेलुगूत, कुणी दखनीत समजावून घेतलं. आम्ही दोन गोष्टी आपल्या घातल्या. सचिव किंवा खजिनदार यातलं एक पद मुलीकडे. आणि पदाधिकारी तिशीच्या आतलाच. यावर अध्यक्ष चिडले. ते म्हणाले, सरकारच्याच युवा धोरणात पस्तीसपर्यंत तरुण धरतात. २००३ च्या राष्ट्रीय धोरणात खरंच १३ ते ३५ होतं. एका मुलाने मोबाइलवर २०१४ चं धोरण काढून दाखवलं, त्यात १५ ते २९. केंद्र सरकारच्या नेहरू युवा केंद्राशी जोडून घ्यायचं तर तिथेही हाच वयोगट होता. ही केंद्रं १९७२ पासूनची, गावोगावच्या मंडळांशी त्यांचं जुनं नातं. आता २०२३ पासून ‘माय भारत’ नावाने ऑनलाइन नोंदही होते. ताईंनीच त्यांची माहिती दिली होती. अध्यक्ष सल्लागार झाले. त्यांच्यासाठी ते पद आम्ही नव्याने काढलं, हे त्यांनाही कळलं, पण त्यांनी हार स्वीकारला.

अर्ज लिहिणं हीसुद्धा अशीच एक गोष्ट. बोळातला दिवा बंद होता म्हणून मुलींनी अर्ज केला. ताईंनी एवढंच शिकवलं की अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच आणायची. पोच हातात असल्यावर पुढच्या खेपेला बोलण्यात काय फरक पडतो, ते पाहण्यासारखं असतं. पहिल्यांदा गेलेली मुलगी खिडकीसमोर नुसती उभी राहिली होती. पुढच्या खेपेला ती म्हणाली, “सर, या तारखेचा, या नंबरचा अर्ज आहे, त्याचं काय झालं?” दिवा लागला. आता तिच्या आईचे ब्रँचमधले कागद, फंडाचे कागद, बोळातल्या निम्म्या बायकांचे अर्ज तीच लिहिते आणि प्रत्येकीला पोच आणायला लावते.

१२ जानेवारीला शाळा-कॉलेजांत राष्ट्रीय युवा दिन असतो, स्वामी विवेकानंदांची जयंती म्हणून १९८५ पासून पाळतात. सोलापूरकरांना ही तारीख आणखी एका कारणाने ठाऊक असते. १९३१ मध्ये याच दिवशी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिली. मे १९३० मध्ये शहरात गोळीबार झाला, लोक उसळले, आणि मग इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, हे आम्हाला शाळेत एका परिच्छेदात उरकून टाकलेलं. मंडळाने ठरवलं की भाषण ठेवायचं नाही, आपणच त्या चौघांच्या पुतळ्यांजवळ उभं राहून एकेकाची गोष्ट सांगायची. त्यासाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून मुलांनी जुनं काढलं. कुठे एक तपशील, कुठे दुसरा. कुठला खरा यावर वाद. एकाने घरच्या आजोबांचं ऐकलेलं आणलं, ते पुस्तकाशी जुळेना. ताई म्हणाल्या, जुळत नाही तेही सांगा.

कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. त्यांची गोष्ट सांगायला जी मुलगी तयार झाली ती बैठकीत कधी तोंड उघडत नसे. घरी तेलुगू, मराठीत बोलताना लिंग चुकायचं आणि मुलं हसायची. हसणाऱ्यांपैकी एकालाच आम्ही तिच्या तयारीला बसवलं. तिने पाठ केलेलं नव्हतं. कागदावर पाच शब्द लिहिले होते आणि त्यांवरून बोलत होती. मधे एकदा अडकली, ‘थांबा’ म्हणाली, कागद बघितला, पुढे बोलली. फुटपाथवर उभी माणसं थांबली. संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर असल्याने त्या भागात गर्दी होतीच. मला तिच्या भाषणापेक्षा तो ‘थांबा’ आवडला. चारचौघांत अडकल्यावर स्वतःला वेळ मागून घेणं मला स्वतःला अजून जमत नाही.

पुढाऱ्यांचं एका वाक्यात सांगून टाकते: टी-शर्ट घेतले की फोटो येतो, एकाचे घेतले की दुसरा रुसतो, म्हणून आम्ही म्हणतो टी-शर्ट नको, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं द्या, नाव आतल्या पानावर लिहू. निम्मे लोक त्यानंतर येत नाहीत.

अलीकडे मंडळाला धक्का बसला तो घरांमुळे. विडी कामगारांसाठी कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं २००६ मध्ये झाली होती. मग जानेवारी २०२४ मध्ये रे नगर वसाहतीची पंधरा हजार घरं वाटली गेली. बोळातल्या भाड्याच्या खोल्या सोडून बरीच कुटुंबं तिकडे गेली. चांगलंच झालं, स्वतःचं घर मिळालं. पण आमचे कितीतरी सदस्य गेले, त्यात लेझीमच्या मुली, आणि अर्ज लिहिणारीसुद्धा. तिकडून संध्याकाळच्या बैठकीला येणं जमत नाही, रिक्षा परवडत नाही. आम्ही शाखा काढायची म्हणत होतो. त्या मुलींनी आम्हाला न विचारता तिकडे स्वतःचंच मंडळ काढलं. घटनेची प्रत मागायला आल्या होत्या. तिशीची अट त्यांनी पंचविशीवर आणली आहे, आणि दोन्ही पदं मुलींकडे.

इकडे आमच्या मंडळात सध्या वेगळाच वाद आहे. माझी तिशी जवळ आली. वह्या लावून ठेवल्यात, स्थळप्रतींचे गठ्ठे वर्षवार बांधलेत, नव्या खजिनदाराला बँकेत नेऊन सही बदलून घ्यायची आहे आणि बदल अर्ज वेळेत द्यायचा आहे. तो जेमतेम विशीतला, बेरजा कॅल्क्युलेटरवर करतो आणि त्याला माझं अक्षर लागत नाही. तेवढ्यात चार जणांनी घटनादुरुस्तीची टूम काढली: वयाची अट पस्तीस करू, म्हणजे अक्काला राहता येईल. सगळ्यांत पुढे आमचे सल्लागार, माजी अध्यक्ष. त्यांना सांगून टाकलंय की मांडायचं तर रीतसर सर्वसाधारण सभेत मांडा, नोटीस काढा, मतदान घ्या. माझं मत विरोधात आहे. नव्या पोरानेही विरोधात हात वर करावा म्हणून मी त्याच्या मागे लागले आहे, पण तो म्हणतो, “बघू अक्का, मी अजून ठरवलं नाही.”